मारुती ८०० (१९९४) : केबिनचा आवाज कमी करायच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवतोय कारण नाहीतर दोन महिन्यांनी काय केलं आणि कशानं फरक पडला काहीच आठवत नाही. गाडी सासऱ्यांची, १९९४ ची, कार्बोरेटरवाली, चार गिअर, एमएच १३ पासिंग. पत्रा बऱ्यापैकी आहे, सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज कमी धरतो तेवढा एक फायदा. इंजिन ठणठणीत. फक्त आवाज. साठच्या पुढं गेलं की मागच्या सीटवरचं बोलणं पुढं येत नाही, आणि विजापूर रोडला ऐंशी धरलं की डोक्यात नुसतं घुमतंय.

अपेक्षा आधीच जागेवर ठेवतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाकं, अख्खी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. १९८३ ला ही गाडी आली ती हलकी आणि परवडणारी म्हणूनच आली, त्यामुळं आवाज दाबायला हिच्यात चाळीस किलो डांबराच्या शीटा चिकटवून तिची सेडान करायची आपली इच्छा नाही. मागं चौघं बसल्यावर तुळजापूरच्या घाटात तिला आधीच दम लागतो.

मापायला मोबाईलमधलं फुकटचं डेसिबल अ‍ॅप घेतलंय. मोबाईलच्या आकड्यावर तसा विश्वास ठेवायचा नाही, पण फोन तोच, जागा तीच (शेजारच्या सीटच्या हेडरेस्टला रबर बँडनं बांधलेला), रस्ता तोच, टायरची हवा तीच, असं धरलं तर आधी-नंतरचा फरक खरा निघतो. रस्ता म्हणजे विजापूर रोडला गाव संपल्यावर तेरामैलाकडं जाणारा सरळ पट्टा, सकाळी लवकर, वारा नसताना, काचा बंद.

आजचे आकडे, चौथ्या गिअरमध्ये : ६० च्या वेगाला ७४ डेसिबल, ८० ला ७९. हे 'ए' सेटिंगवर. 'सी' सेटिंगवर ८० ला ९७. हा मधला फरक महत्त्वाचा आहे, 'ए' सेटिंग आपल्या कानासारखं खालचे जाड आवाज कमी धरतं आणि 'सी' जवळजवळ सगळे धरतं, म्हणजे दोघांत इतकं अंतर निघालं तर गाडीत घुमणारा खालचा आवाज लै आहे असा अर्थ. बरेच लोक फक्त 'ए' बघतात आणि डोकं का दुखतंय ते कळत नाही.

१० फेब्रुवारी

रात्री बसून गणित केलं. अ‍ॅपमध्ये आवाजाचा आलेख पण दिसतो, ८० ला ९० हर्ट्झजवळ एक सुळका उभा राहतो. तीन सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दीड वेळा पेटतं. ९० भागिले दीड म्हणजे सेकंदाला ६० फेरे, मिनिटाला ३६००. गाडीत आरपीएमचा काटा नाही पण आवाजावरून इंजिनचे फेरे मिळाले! म्हणजे हा सुळका इंजिनचाच, रोडचा नाही.

आता दुसरी बाजू. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत आतली लांबी टेपनं १.९ मीटर भरली. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ३४० भागिले ३.८ (लांबीची दुप्पट), परत ९० च्या आसपास. बंद डब्याची स्वतःची एक घुमायची जागा असते आणि ऐंशीला इंजिन बरोब्बर तिथं येऊन बसतंय. म्हणून पंचाहत्तरला बरं वाटतं, ऐंशीला असह्य होतं आणि नव्वदला परत जरा बरं. काच दोन बोटं खाली केली की घुमणं बदलतं, ते पण ह्याच्यामुळंच.

ह्यातून एक गोष्ट पक्की. हा आवाज पत्र्याला शीट चिकटवून जाणार नाही. तो इंजिनकडून बॉडीत कुठून शिरतोय ते आधी शोधायचं.

१६ फेब्रुवारी

गाडी मिस्त्रींकडं रॅम्पवर घेतली. खाली उभं राहून बॅटरी मारली आणि पहिल्या पाच मिनिटात निम्मं उत्तर मिळालं. सायलेन्सर ज्या रबरी रिंगांवर लटकायला पाहिजे त्यातली एक गायब, आणि तिच्या जागी कधीतरी कुणीतरी जाड बाइंडिंग तार पिळून बांधलेली. पूर्ण पाइप त्या तारेवरून फ्लोअरला टांगलेला. इंजिनचा प्रत्येक धक्का पाइपातून तारेत, तारेतून पत्र्यात, पत्र्यातून आपल्या पायात. रिंग म्हणजे चहा-भज्यांच्या पैशात येणारी वस्तू. सगळ्याच रिंगा बदलून टाकल्या, बाकीच्या पण ताणून लांबोड्या झालेल्या.

मग फाउंडेशन रबरं, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ती. मिस्त्रींनी इंजिनखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून इंजिन थोडं उचललं, तर एका फाउंडेशनचं रबर लोखंडापासून सुटलेलं, इंजिन उचललं की फट दिसते आणि सोडलं की मिटते. दुसऱ्याचं रबर दगड झालेलं, नख रुतत नाही. तीन सिलिंडरमध्ये वर-खालीचं बल एकमेकांना कापतं पण इंजिन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत डोलत राहतं, ते डोलणं गिळायचं काम ह्या रबरांचं. ती दगड झाली की डोलणं सरळ बॉडीला. आयडलला ९०० फेरे धरले तर सेकंदाला साडेबावीस धक्के, कानाला नीट ऐकू पण येत नाहीत पण आरसा थरथरतो आणि डॅशबोर्ड बडबडतो.

मिस्त्री म्हणाले, "मालक, लोकल घेतली तर निम्म्यात होतंय." नाही घेतली. लोकल रबर बहुतेक वेळा जास्त कडक असतं, आणि इथं सगळा खेळ रबर किती मऊ ह्याचाच आहे. ओरिजिनल मागवली.

२३ फेब्रुवारी

फाउंडेशन बसली. आरसा थांबला. ६० ला ७३, ८० ला ७७. ऐकणाऱ्याला वाटेल दोन डेसिबलसाठी एवढा आटापिटा, पण 'सी' वर ९७ चे ९० झालेत, आणि ऐंशीला डोक्यात घुमायचं ते आता नुसतं ऐकू येतं. बायको म्हणाली गाडीची सर्व्हिसिंग केली का. हो म्हणलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, सुट्टी. अंधार पडल्यावर भोकं शोधायचा कार्यक्रम. पद्धत सोपी : बॉनेट उघडायचं, मुलाला मोठी बॅटरी देऊन इंजिनच्या बाजूनं फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) इंच-इंच फिरवायला सांगायचं, आपण आत पेडलपाशी उताणं पडायचं आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. जिथं उजेड दिसतो तिथून आवाज येतो.

दिवाळीच आहे आत. क्लच केबलच्या ग्रोमेटला (भोकात बसणाऱ्या रबरी कडीला) अर्धचंद्र तडा. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं रबरी बूट खालच्या बाजूला फाटलेलं. वायरिंगचा गठ्ठा जिथून आत येतो तिथलं ग्रोमेट बाहेर ओघळलेलं, कारण मागं कुणीतरी हॉर्नची वायर त्यातूनच कोंबली. आणि एक अंगठ्याएवढं भोक ज्याच्यात काहीच नाही, बहुतेक जुन्या स्टिरिओ नाहीतर सायरनवाल्या लॉकची वायर गेलेली असणार.

ज्यांनी शीटवर पैसे घालायचं ठरवलंय त्यांनी हे एकदा वाचावं : भिंतीचा शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या वर आवाज अडतच नाही. आणि बंद भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा जास्तीत जास्त ६ डेसिबल. म्हणजे वजनानं जे मिळवायचं ते एक भोक खाऊन टाकतं.

२ मार्च

ग्रोमेट नवीन बसवले, साइझ मिळाले नाहीत तिथं ट्रकच्या वायरिंगचे घेऊन कापले. रिकाम्या भोकाला रबरी टोपी. वायरिंगच्या गठ्ठ्याभोवती ब्युटाइलची (चिकट रबराची) पुट्टी दाबली, ती कडक होत नाही त्यामुळं उद्या वायर ओढायची झाली तर निघते. सिलिकॉन मुद्दाम टाळलं, जुन्या इन्सुलेशनवर ते असं धरतं की काढताना वायर सोलते.

६० ला ७१, ८० ला ७५. खर्च काढला तर हसू येतंय.

९ मार्च

दारांची रबरं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची, अडून आली तर रबर दाबतंय, सरळ निघून आली तर तिथं फट. चारही दारांना वरच्या मागच्या कोपऱ्यात नोट नुसती निघून येते. रबर चपटं झालंय आणि ड्रायव्हरचं दार बिजागरीत जरा लोंबलंय.

पण नवीन रबरं घ्यायच्या आधी खात्री पाहिजे की वाऱ्याचा आवाज तिथूनच येतोय. म्हणून मास्किंग टेप. ड्रायव्हर सोडून बाकीच्या दारांच्या फटी बाहेरून पूर्ण चिकटवल्या (मी माझ्या दारानं आत), एक चक्कर मारली, मग एकेक पट्टी सोलत गेलो आणि प्रत्येक वेळी ऐकलं. पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला, "काय ओ, पेंट करलालाव का?" शेजारच्या दाराची वरची पट्टी काढली की सीऽऽ सुरू, मागच्या दारांना फार फरक नाही, आरशाच्या बुडापाशी थोडा. मग पुढच्या दोन दारांची रबरं नवीन, मागची तशीच, आणि ड्रायव्हरचं दार डेंटरकडून उचलून स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्याच्यात अडकतं तो) एक-दोन मिलिमीटर आत. चारही रबरं घेतली असती तर निम्मे पैसे पाण्यात.

१६ मार्च

८० ला ७४. पण आता एक नवीन आवाज आलाय. नवीन म्हणजे होताच, बाकीच्या गोंगाटाखाली दबलेला. पन्नासपासून हूंऽऽऽ असा, वेगाबरोबर चढणारा, क्लच दाबला तरी जात नाही. मी टायर समजत होतो कारण टायर जुने आहेत, बाजूवरचा चार आकडी कोड ३११६, म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. रबर नुसतं प्लास्टिक झालंय.

शेजारचे मामा सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर (यंत्रमागावर) जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. आयुष्य शेडमध्ये गेलं, तिथं ९० डेसिबल म्हणजे शांतता, कानात बोळा घालायची पद्धत तेव्हा नव्हती, आता त्यांच्याशी बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो. त्यांना कशाला नेऊ ह्या कामाला असं वाटेल, पण ते स्वतःच बसले गाडीत. हात डॅशवर ठेवला, मग दाराच्या खांबावर, मग वाकून पायाखालच्या पत्र्यावर. उजव्या बाजूला हात थांबला. "हे रोडचं न्हाई बे. हे फिरतंय." लूमचं बेअरिंग ते असंच धरायचे, एवढ्या लूमच्या खडखडाटात कानाचा उपयोगच नव्हता.

रिकाम्या रस्त्यावर हळू डावी-उजवी केली. गाडी डावीकडं वळवली की वजन उजव्या चाकांवर जातं, आणि हूं वाढतो. उजवीकडं वळवली की कमी. घरी जॅक लावला, न्यूट्रल, एका हातानं पुढचं उजवं चाक फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर. स्प्रिंगमध्ये खरखर लागते, वाळू फिरल्यासारखी. डाव्या बाजूला काही नाही. मामांना जाऊन सांगितलं तर त्यांना आश्चर्य पण वाटलं नाही.

२३ मार्च

बेअरिंग बदललं. प्रेसवर काढावं लागलं, ठोकून नाही बसवायचं असं मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलेलं. ६० ला ७०. इथपर्यंत एक चौरस इंच शीट लावलेली नाही आणि ऐंशीच्या 'ए' आकड्यातले पाच डेसिबल गेलेत.

३० मार्च

पाडवा. गाडीला हार, काम बंद.

६ एप्रिल

आता शीट. दारांची पॅनेलं काढली. क्लिपा तुटतातच, डझनभर आधी आणून ठेवाव्यात. आत बघितलं तर ड्रायव्हरच्या दारात कुणीतरी पूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबराची पट्टी चिकटवलेली, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यांत ती वितळून खाली ओघळून दाराच्या बुडातली पाण्याची भोकं बंद करून बसलेली. वर काळे ओघळ, खाली गोळा, गोळ्याखाली ओल आणि गंजाचा पहिला पापुद्रा. आख्ख्या गाडीत गंज कुठं असेल तर इथं. दुपारी गाडीत येणारा तो डांबराचा वास पण ह्याचाच, आम्ही समजत होतो जुन्या सीटचा. ही पट्टी गच्चीवर ठीक, गाडीत नको. इथं मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, तिथं डांबर कसं थांबणार.

लाकडी पट्टीनं खरवडलं, थिनरनं पुसलं, गंजावर प्रायमर, भोकं मोकळी. मग ब्युटाइलची २ मिलिमीटर शीट, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. ही आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं मारते : पत्रा आणि फॉइलच्या मधला चिकट थर सरकतो आणि त्या सरकण्यात थरथरीची ताकद गरम होऊन जाते. म्हणून पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, मधल्या सपाट भागाचा पंचवीस ते चाळीस टक्के भाग झाकला की बहुतेक काम होतं, कडा आणि घड्या आधीच कडक असतात. सव्वातीन किलो प्रति चौरस मीटर वजन आहे, उगाच का वाहायचं. बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं, आधी टण्ण, नंतर ठप्प, ठप्प आलं की थांबायचं.

एप्रिलचा फायदा म्हणजे हीट गन लागत नाही, शीट उन्हात ठेवली की मऊ. हातमोजे घालून रोलर फिरवायचा, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. आणि पॅनेलमागचा तो प्लास्टिकचा कागद, जो प्रत्येक मेकॅनिक फाडून फेकून देतो, तो जाड पॉलिथिनचा नवीन कापून ब्युटाइलच्या दोरीनं चिकटवला. तो पाण्यासाठी असतो पण दारातल्या भोकांवरचं झाकण पण तोच.

१३ एप्रिल

फ्लोअर आणि मागची चाकांची कमान. सीट, मॅटिंग सगळं बाहेर. कंपनीचे जुने काळे पॅड फ्लोअरवर आहेत, जिथं धरून आहेत तिथं तसेच ठेवले. कमानींवर मात्र काहीच नव्हतं, आणि खडीचा ताडताड तिथूनच यायचा, तिथं शीट सढळ हातानं लावली.

वरून काय घालायचं ह्यावर कुशनवाल्यांशी वाद. ते म्हणतात नमदा, स्वस्त आणि मऊ. शेजारी म्हणाले आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या चिंध्यांचा काय तोटा, भरा की ओ. दोघांचेही तुकडे आणि एक पाणी न पिणाऱ्या फोमचा तुकडा रात्रभर बादलीत टाकले. सकाळी नमदा आणि चिंधी दोन्ही पिळावी लागली, फोम झटकला की कोरडा. आवाज शोषायला नमदा चांगलाच, वाद नाही, पण फ्लोअरवर ओला नमदा म्हणजे आतून गंजाची शेती. मग फ्लोअरला फोम आणि नमदा फक्त मागच्या सीटच्या पाठीमागं, जिथं पाणी पोचत नाही. काडी लावून पण बघितलं, पॅकिंगचा पांढरा फोम पेटून थेंब-थेंब गळतो, तो गाडीत कुठंच नको.

२० एप्रिल

छत. कुशनवाल्यांनी लायनिंग उतरवून दिलं. हा सगळ्यात मोठा सपाट पत्रा आणि सगळ्यात पातळ वाटणारा. मधे थोड्याच पट्ट्या, कारण वजन डोक्यावर चढवायचं नाही, आणि वर पूर्ण फोम. ह्याचा आवाजापेक्षा उन्हाला जास्त उपयोग झाला. पारा ४० च्या पुढं आहे, पूर्वी दुपारी छताला हात लावला की पोळायचं, आता कोमट लागतं. ह्या एका कारणासाठी सोलापुरात कुणी छत केलं तरी मी समजू शकतो.

२७ एप्रिल

आमच्या गल्लीतून वरात गेली, पुढं डीजे. सगळे वैतागले, मी धावत जाऊन गाडीत बसलो. बेसचा प्रत्येक दणका म्हणजे फुकटची टेस्ट मशीन, काय-काय खडखडतंय ते एकेक हातानं दाबून बघायचं, दाबल्यावर थांबलं की सापडलं. मागची नंबर प्लेट, डिकीतला जॅक, सीट बेल्टचं बक्कल खांबावर, आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण. नंबर प्लेटमागं रबरी वायसर, जॅकला जुन्या ट्यूबचा पट्टा, झाकणाला फेल्टचे ठिपके. नवरदेवाचे आभार.

४ मे

शेवटची मापं, तेरामैलाचाच पट्टा. ६० ला ६९, ८० ला ७३, 'सी' वर ८० ला ८८. सगळ्या शीटा आणि फोम मिळून साधारण १४ किलो गाडीत गेलं, भंगारवाल्याच्या काट्यावर कापलेले तुकडे वजा करून काढलंय.

शीटमुळं आकड्यात एकच डेसिबल खाली आलं, आणि पैशातला मोठा हिस्सा शीटचाच. तरी शीट फुकट गेली असं म्हणणार नाही, दार लावताना, खडीवरून जाताना, पाठीमागच्या ताडताडीत फरक कानाला लागतो, तो एकसारख्या वेगाच्या मापात येत नाही. पण कुणी विचारलं तर क्रम हाच सांगेन : रिंगा, फाउंडेशन, भोकं, रबरं, बेअरिंग, आणि एवढं करून पैसे उरले तर शीट. बहुतेक जण उलटं करतात कारण शीटचे व्हिडिओ चमकतात, सायलेन्सरच्या रिंगेचा व्हिडिओ कोण बघणार.

१५ जून

पाऊस झाला, चांगला तासभर. दारांच्या बुडातून पाणी नीट गळतंय, मॅटिंग उचलून हात फिरवला, कोरडं. स्टिअरिंगच्या बुटापाशी एक थेंब आला होता, तिथं पुट्टी परत दाबली.

राहिलेलं : टायर, ते बोनस आल्यावर दिवाळीला. वायपर चालू केला की मोटर करकरते, तिची जाळी काढून ग्रीस करायची. आणि पुढच्या पासिंगच्या आधी हॉर्नची ती कोंबलेली वायर वेगळ्या ग्रोमेटातून घ्यायची आहे.